आधी ओळख सांगा, मग आत या!

आमच्या सर्व्हर रूममध्ये खुर्च्या दोन आणि माणसं तीन. त्यामुळे एक जण कायम उभा. आणि उभ्या माणसाच्या हाताला काम नसतं, म्हणून तो किस्सा सांगतो. त्यावरून बसलेल्याला दुसरा आठवतो, तो हातवारे करून सांगायला तो उठतो, आणि आधी उभा असलेला पटकन त्याच्या खुर्चीत बसतो! असे हे किस्से साठत जातात. एसी चोवीस तास चालू असल्यामुळे आमच्याकडे ते खराबही होत नाहीत.

मी वैशाली. वाशीममधल्या एका ट्रस्टच्या हॉस्पिटलात कॉम्प्युटरचं नेटवर्क सांभाळते. आमचे हेड गावंडे सर मूळ आसेगावचे. केबल ओढणं, भिंतीत सॉकेट बसवणं हे सगळं रफिकभाईंकडे, ते शेलूबाजारहून मोटरसायकलवर येतात. रिसेप्शनच्या खिडकीत नंदाताई. आणि या सगळ्यांच्या वर मोठ्या मॅडम, स्वतः डॉक्टर, ज्यांनी हे हॉस्पिटल उभं केलं.

या लोकांचे मी कधी तोंडावर आभार मानले नाहीत. मानायला गेले असते तर गावंडे सर म्हणाले असते, "काहून? तब्येत बरी नाही काय?"

*

पूर्वी आमच्याकडे कोणत्याही भिंतीतल्या सॉकेटला कोणीही वायर खुपसावी आणि हॉस्पिटलच्या नेटवर्कमध्ये शिरावं, असा मोकळा कारभार होता. मग नवे मॅनेज्ड स्विच आले. स्विच म्हणजे ज्या डब्यात सगळ्या इमारतीच्या वायरी येऊन मिळतात तो. नवा स्विच हुशार. वायर लागली की तो आधी विचारतो, "तू कोण?" मग ते नाव ओळख तपासणाऱ्या सर्व्हरला कळवतो. सर्व्हर "आपला आहे" म्हणाला तर आत. ओळख नसेल तर पाहुण्यांच्या लाइनीत. तिथं इंटरनेट मिळतं, पण हॉस्पिटलचं काहीही दिसत नाही.

पहिल्याच दिवशी गावंडे सरांनी उत्साहाच्या भरात ही तपासणी एका झटक्यात स्विचच्या सगळ्या पोर्टवर, म्हणजे वायरी खुपसायच्या खाचांवर, लावली. सगळ्या म्हणजे सगळ्या! ज्या पोर्टवर तो ओळख तपासणारा सर्व्हर होता, त्याच्यावरही! झालं! स्विच सर्व्हरलाच विचारायला लागला, "तू कोण?" आणि ते ज्याला विचारून ठरवायचं तो तर दाराबाहेर उभा!

ओपीडीच्या वेळेला सगळं हॉस्पिटल ठप्प. एक्स-रे दिसेना, बिल निघेना, सरांचा स्वतःचा लॅपटॉपही बाहेर. फोनवर फोन. गावंडे सर क्षणभर कपाळाला हात लावून बसले आणि एकदम उठून म्हणाले, "वैशाली, म्या सेव्ह केलं नव्हतं!" आणि त्यांनी स्विचचा प्लगच उपटला. परत लावला. न साठवलेली सेटिंग गेली, जुनी परत आली, आणि हॉस्पिटल सुरू झालं.

नेमक्या त्याच वेळी मोठ्या मॅडम दारात.

"काय केलंत गावंडे?"

"काही नाही मॅडम. बटन बंद करून चालू केलं."

"एवढंच? हे तर मलाही येतं!"

"येते मॅडम," गावंडे सर घाम पुसत म्हणाले, "पण काहून चालू झालं, ते तुमाले सांगता येणार नाही!"

मॅडम हसल्या आणि गेल्या. दुसरं कोणी असतं तर त्या दिवशी मेमो निघाला असता. मॅडमनी फक्त एक चहाचा थर्मास पाठवला.

*

मग स्टाफला हे सगळं समजावून सांगायची मीटिंग झाली. मी रंगीत चौकोनांची आकृती करून नेली होती. ती पाहून पहिल्या रांगेतल्या दोघी जांभया द्यायला लागल्या. गावंडे सर म्हणाले, "थांब, मी सांगतो."

"हे पाहा," ते म्हणाले, "घरी लग्न हाय. घरचा मानूस कुठंबी जाते. स्वयंपाकात जाते, कोठीत जाते, त्याले कोणी काही म्हणत नाही. पाहुणा आला तं त्याले मांडवात खुर्ची भेटते, पाणी भेटते, चहा भेटते. पण तो कोठीत जाईल काय? नाही जात. तसंच हे. तुमी घरचे. पेशंटचे नातेवाईक पाहुणे. समजलं?"

सगळ्यांना समजलं. माझी आकृती मी गुंडाळून ठेवली. इतक्यात निर्मला सिस्टरांनी हात वर केला. सिस्टर आमच्या हॉस्पिटलातल्या सगळ्यात जुन्या नर्स.

"सर, अन् जावई?"

हशा पिकला. पण गावंडे सर हसले नाहीत. प्रश्न बरोबर होता! अकोल्याहून दर शनिवारी हाडांचे डॉक्टर येतात. ते घरचे नाहीत, कारण हॉस्पिटलच्या नोकरीत नाहीत. पण त्यांना पाहुण्यांच्या लाइनीत बसवलं तर एक्स-रे कसे दिसणार? म्हणजे मांडवातही बसवता येत नाही आणि कोठीची किल्लीही देता येत नाही. जावईच!

सरांनी त्यांच्यासाठी एक वेगळाच गट केला. त्यांना एक्स-रे दिसतात, त्यांच्या पेशंटचे कागद दिसतात, बाकी काही नाही. आणि गटाला नाव काय द्यावं? जावई! मी म्हटलं, "सर, हे नाव लॉगिनच्या पानावर दिसतं हं." ते म्हणाले, "दिसू दे. कोण वाचते?"

डॉक्टरांनी वाचलं. पहिल्याच शनिवारी. "आपला गट: जावई." त्यांनी नंदाताईंना विचारलं, हा काय प्रकार आहे. नंदाताईंनी सिस्टरांच्या प्रश्नासकट सगळं सांगून टाकलं. डॉक्टर गंभीर चेहऱ्यानं ऐकून निघून गेले. आम्ही घाबरलो. आता तक्रार जाणार!

पुढच्या शनिवारी ते आले ते थेट मोठ्या मॅडमच्या केबिनमध्ये. आम्ही दाराबाहेर कान लावून.

"मॅडम," आतून आवाज आला, "जावई केलंत, चांगलं केलंत. पण अधिक महिना चालू आहे, आणि अजून धोंड्याचं बोलावणं आलं नाही!"

त्या शनिवारी दुपारी निर्मला सिस्टरांनी घरात तयार असलेल्या पिठाचे अनारसे तळून आणले. डॉक्टरांनी खाल्ले, आम्हीही खाल्ले. तेव्हापासून कितीही काम असो, त्यांचा एकही शनिवार चुकलेला नाही. आमच्याकडच्या किती म्हाताऱ्यांचे गुडघे त्या अनारशांवर चालतात, देव जाणे!

*

ओळख पटवताना स्विच आणि सर्व्हर आणखी एक गोष्ट पाहतात, ती म्हणजे तारीख. प्रत्येक कॉम्प्युटरकडे एक डिजिटल ओळखपत्र असतं आणि त्याला सुरुवात असते, शेवट असतो.

उन्हाळ्यात एकदा मोठं वादळ झालं, झाडं पडली, लाइट गेली. जनरेटरवर हॉस्पिटल चाललं, पण मधल्या झटक्यात ओळख तपासणारा सर्व्हर बंद पडून परत सुरू झाला. त्याच्या आतल्या घड्याळाची बॅटरी मेलेली होती हे कोणाच्या ध्यानात नव्हतं. सर्व्हर उठला तो कित्येक वर्षं मागच्या सालात! आणि एकूण एक कॉम्प्युटरला नाही म्हणत सुटला. कारण त्याच्या हिशेबानं त्यांची ओळखपत्रं अजून सुरूच झालेली नव्हती.

निर्मला सिस्टर वॉर्डातून तणतणत आल्या. "सर, मले आत घेऊन नाही राह्यला तुमचा डबा!"

गावंडे सर स्क्रीनमध्ये डोकं घालून बसलेले. तसेच म्हणाले, "सिस्टर, सर्व्हर म्हणते तुमी अजून कामावर लागल्याच नाहीत!"

सिस्टरांनी आधी खुर्ची पाहिली. मग पदरानं वारा घेत म्हणाल्या, "मंग बसते जरा. इतक्या वर्षात पहिल्यांदा कोणीतरी सुट्टी देलीन!"

आणि खरंच सर उठून उभे राहिले आणि त्यांना खुर्ची दिली. घड्याळ दुरुस्त करून सगळं सुरू झालं, तरी सिस्टरांना कोणी उठवलं नाही. आमच्या सर्व्हर रूममध्ये बसल्या बसल्या शांत झोपलेलं माणूस मी तेवढं एकच पाहिलं.

*

पाहुण्यांच्या लाइनीचा नियम असा, की नातेवाइकानं मोबाइलवर वायफायची मागणी टाकायची, ती नंदाताईंच्या स्क्रीनवर येते, त्या खिडकीतून दोन प्रश्न विचारतात आणि मग परवानगी देतात. गावंडे सरांनी हे मुद्दाम असं ठेवलं. म्हणजे कोण येतं, कशाला येतं हे माणसाला माणसानं विचारावं.

एकदा पाऊस चालू होता म्हणून आडोशाला आलेला एक जण परवानगी मागायला लागला.

"कोणाले भेटाले आलात?"

"कोणालेच नाही ताई. बस येऊन नाही राह्यली."

नंदाताईंनी दिली. म्हणाल्या, बस येईस्तोवरचीच देते. आणि आपल्याच फोनवरून डेपोत ओळखीच्या माणसाला विचारून बस कुठवर आली हेही त्याला सांगितलं.

पण माझ्या लक्षात राहिले ते एक आजोबा. डोक्याला पांढरा रुमाल बांधलेला, हातात नातवाचा असावा असा मोठा मोबाइल. खिडकीशी येऊन ताठ उभे.

"कोणाले भेटाले आलात बाबा?" नंदाताईंनी विचारलं.

"नातीले."

"कोणत्या वार्डात हाय?"

आजोबांनी मागं वळून लेबर रूमच्या दाराकडं पाहिलं.

"अजून आली नाही," ते म्हणाले.

नंदाताईंनी परवानगी दिली. तासाभरानं आतून बाळाच्या रडण्याचा आवाज आला तेव्हा आजोबांच्या आधी नंदाताईच खुर्चीवरून उठल्या. आणि नातच होती!

*

आता एक जरा वेगळा सांगते. यात हसू शेवटी आहे, आधी नाही.

एक मुलगी आमच्याकडे दाखल होती. लग्न ठरत आलेलं. खोकला बरेच दिवस जात नव्हता, म्हणून तपासण्या चालू होत्या. तिनं मोठ्या मॅडमचा हात धरून सांगितलं होतं, "मॅडम, काय निघते ते पहिले मले सांगा. दुसऱ्या कोणाले नका सांगू." मॅडमनी शब्द दिला होता. शब्द मॅडमनी दिला, पण तो पाळायचा होता आमच्या स्विचला.

मुलाकडचा एक नातेवाईक भेटीच्या वेळेत आला. फळं घेऊन आला, गोड बोलला. त्याचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान होतं. वॉर्डात सगळे बोलण्यात गुंतलेले पाहून त्यानं पिशवीतून लॅपटॉप काढला आणि पलंगामागच्या सॉकेटला वायर लावली.

जुने दिवस असते तर त्याला लॅबच्या रिपोर्टांचे सगळे फोल्डर उघडे दिसले असते.  त्या मुलीचा, आणि आणखी कितीतरी बायाबापड्यांचे रिपोर्ट! पण आता स्विचनं त्याला विचारलं, "तू कोण?" लॅपटॉपकडे उत्तर नव्हतं. स्विचनं त्याला पाहुण्यांच्या लाइनीत नेऊन बसवलं. तिथून परवानगीचं पान उघडलं, आणि मागणी नंदाताईंच्या स्क्रीनवर! भेटीच्या वेळेची गर्दी होती, म्हणून त्यांनी साधा नातेवाईक समजून प्रश्न न विचारताच दिली.

पाच-दहा मिनिटांनी हा भला माणूस लॅपटॉप काखेत मारून स्वतःच खिडकीशी आला. वैतागलेला.

"ओ ताई, तुमचं नेटवर्क बरोबर नाही. इंटरनेट चालू हाय, पण फोल्डर दिसून नाही राह्यले!"

नंदाताईंनी चष्मा नाकावर खाली घेतला.

"कोणते फोल्डर, भाऊ?"

त्यानं काखेतला लॅपटॉप पाठीमागं नेला.

"बसा ना," नंदाताई एकदम गोड आवाजात म्हणाल्या. "पाणी आणते. मोठ्या मॅडमलेबी बोलावते. त्यांनाच माहीत कोणते फोल्डर कुठं असतात ते!"

तो बसला नाही. फळं मात्र वॉर्डातच राहिली.

मॅडमनी मुलीला खरं ते सगळं सांगितलं, रिपोर्टही आणि हेही. रिपोर्टात निघालं ते औषधानं बरं होणारं होतं, आणि ते बरं झालं. लग्नाचं काय करायचं ते तिनं ठरवलं आणि त्या घरी नाही म्हणून कळवलं. पुढं मंगरूळपीरला तिला नोकरी लागली, तेव्हा पेढे घेऊन आली. सर्व्हर रूमच्या दारात उभी राहून विचारलं, "तो डबा कोणता हाय?" गावंडे सरांनी रॅककडं बोट दाखवलं. तिनं पेढ्याचा पुडा आमच्या हातात दिला आणि स्विचला लांबूनच हात जोडले. आमच्यातलं कोणी हसलं नाही. 

*

या स्विचचा एकच दोष. तो कडक आहे. माणूस कोण, वेळ कोणती, हे त्याला कळत नाही.

निंदणाचे, म्हणजे पिकातलं तण काढायचे दिवस होते. शेतात सोयाबीन निंदताना एका बाईला साप चावला. घरच्यांनी जीपमध्ये घालून आणलं. आयसीयूतले डॉक्टर तिच्या रक्ताच्या रिपोर्टची वाट पाहत होते, कारण रक्त गोठतंय की नाही ते पाहूनच पुढचं इंजेक्शन ठरणार होतं. लॅब तळमजल्यावर, आयसीयू दुसऱ्या मजल्यावर. रिपोर्ट मशीनमधून निघाला की आपोआप वरच्या स्क्रीनवर दिसतो. त्या दिवशी दिसेना.

झालं होतं असं, की सकाळीच कंपनीचा इंजिनिअर येऊन मशीनचं नेटवर्क कार्ड बदलून गेला होता. अशा मशिनी मुक्या असतात, त्यांना नाव-पासवर्ड सांगता येत नाही. स्विच त्यांना कार्डाच्या नंबरवरून ओळखतो. नंबर बदलला, ओळख गेली. रक्त तपासणारी मशीन पाहुण्यांच्या लाइनीत जाऊन बसली!

गावंडे सर कीबोर्डवर तुटून पडले. मी लॅबमध्ये मशीनच्या मागं पडून नवा नंबर वाचून फोनवर सांगत होते. आणि रफिकभाई? त्यांना आमच्यातल्या कोणीच काही सांगितलं नाही. त्यांनी लॅबमधून छापलेला रिपोर्ट हातात घेतला आणि जिना धरला. वर देऊन खाली. थोड्या वेळानं पुढचा रिपोर्ट, परत वर. लिफ्टची वाट पाहायला ते थांबले नाहीत. शर्ट ओलाचिंब झाला.

शेवटी सरांनी नवा नंबर चढवला, मशीन घरची झाली, वर स्क्रीनवर रिपोर्ट दिसायला लागले. मी ओरडले, "रफिकभाई, बसा आता! लाइन चालू झाली!"

"चालू झाली? अल्ला का शुकर!" ते म्हणाले, आणि ताज्या रिपोर्टचा कागद घेऊन परत निघाले.

"अहो, कशाला जाता?"

"राहू द्या मॅडम. बाई डोळे उघडून राह्यली म्हणते. एक चक्कर अजून मारून येतो."

त्यानंतर गावंडे सरांनी नियमच केला. जिवाशी गाठ असलेल्या मशीनला कोणालाही हात लावायचा असेल, तर आमच्यापैकी एक जण तिथं उभा पाहिजे.

ती बाई बरी होऊन घरी निघाली तेव्हा सगळ्यांनी तिला सांगितलं, अमुक डॉक्टरांनी वाचवलं, तमुक इंजेक्शननं वाचवलं. तिनं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "असंल बाप्पा. मले तं काही दिसत नव्हतं. पण बाहेर कोणाच्या तरी चपला लय पळून राह्यल्या होत्या. मले वाटलं, माह्यासाठी कोणी इतकं पळते, तं आता मरून कसं चालंल?"

*

एक शेवटचा. यातली पोरगी आता दुडूदुडू चालते, हे आधीच सांगून टाकते, म्हणजे तुम्ही ऐकताना धास्तावणार नाही.

आसेगावकडच्या एका तांड्यावरची सविता. नवरा अनिल आणि ती, दोघं ऊसतोडीला सांगलीकडे गेलेले. बाळंतपणाला म्हणून ती सासूसोबत गावी आली आणि दिवस भरायच्या आधीच बाळंत झाली. पोरगी इवलीशी. तिला काचेच्या खोलीत, ऊब देणाऱ्या पेटीत ठेवलं. सविता काचेच्या अलीकडं उभी राहायची आणि नुसती बघायची.

अनिलला निरोप गेला होता. तो निघायच्या तयारीत होता, पण फोनवर एकच म्हणायचा, "मले पोरगी दाखव." आणि तेच जमेना. बाळांची खोली जुन्या इमारतीत, भिंती जाडजूड. मोबाइलची रेंज नाही, पाहुण्यांचं वायफाय पोचत नाही. बाहेर जाऊन फोन लावावा तर पोरगी दिसत नाही, आत यावं तर फोन लागत नाही. काढलेला फोटो त्याला पाठवला होता. तो म्हणे, "फोटोत हालते काय ते? मले हालताना पाहू दे."

सविता हे नंदाताईंना सांगता सांगता रडली. नंदाताई खिडकी बंद करून थेट सर्व्हर रूममध्ये.

काचेसमोरच्या भिंतीत एक सॉकेट होतं, पण ते फक्त स्टाफसाठी. आणि पाहुण्यांच्या लाइनीवर व्हिडिओ कॉल बंद, कारण सगळे बोलत बसले तर हॉस्पिटलची कामं अडतात. हा गावंडे सरांचा सगळ्यात कडक नियम. ट्रस्टींनी सांगूनही त्यांनी तो कधी मोडला नव्हता.

सरांनी नंदाताईंचं सगळं ऐकलं. मग माझ्याकडं न बघता म्हणाले, "वैशाली, त्या सॉकेटचा पोर्ट कोणता? पाहुण्यात टाक त्याले. अन् व्हिडिओ चालू कर, त्या एकाच पोर्टवर." मी टाकला, चालू केला. रफिकभाईंनी तिथं एक छोटा वायफायचा डबा लावला. आम्ही चौघं तिथंच उभे राहिलो. मोठ्या मॅडम राउंडवर होत्या, त्याही थांबल्या.

फोन लागला. पलीकडं भर दुपारचं ऊन, उसाचा फड, मागं ट्रॅक्टरची धडधड, आणि अनिलच्या खांद्यावरून वाकून बघणारी सगळी टोळी. "दाखव ना बे!" "मले पाहू दे!" "कोणावर गेली?" नुसता गलका! सवितानं फोन काचेला लावला. आत पेटीत पोरगी झोपलेली. मूठ मिटलेली, ती एकदा जराशी उघडली, परत मिटली.

अनिल बघतच राहिला.  सासू म्हणाली, "बोल ना रे काही! फोन लागत नव्हता तं किती बोलत होता!"

तर त्यानं तोंडावर बोट ठेवलं. मागं वळला आणि जिवाच्या आकांतानं ओरडला,

"अबे, टॅक्टर बंद करा! पोरगी झोपली हाय!"

तिकडं ट्रॅक्टर बंद झाला. तोड थांबली. आणि मग त्या फडातली एकूण एक माणसं, बाया, कोयते अलगद खाली ठेवून, पायातल्या चपला हातात घेऊन, उसाच्या खुंटांतून अनवाणी, दबक्या पावलांनी, एकेक करत फोनपाशी आली.